एकेका ताडाला एकेक पान

शोळिंगनल्लूर, चेन्नई
२२ जून २०२५

ती. काशीदादा,

नमस्कार. गुडघे संपावर आहेत, वाकता येत नाही. अक्षर वाकडं आलंय, तेवढं वाकणं धरून घे.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल असं मी बोलले की समोरच्या ब्लॉकमधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात. अनिकेत म्हणतो, आई, तू पत्रच लिही, सोसायटीला बरं पडेल.

तर बातमी अशी की आमच्यामागचं रान जळलं.

तू चेन्नईला एकदाच आलास, तेव्हा अनिकेतचे बाबा होते आणि आम्ही आवडी या उपनगरात फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. इकडचं तुला माहीत नाही. अनिकेतचं ऑफिस इथे, म्हणून फ्लॅट इथे. पुढच्या बाजूला काचेची ऑफिसं, मागच्या बाजूला सोसायटीची भिंत, आणि भिंतीपलीकडे गवत, काटेरी झुडपं आणि ताडाचं बन. मे महिन्यात इथे 'कत्तिरी' नावाचे पंचविसेक दिवस असतात. त्या दिवसांत सूर्याशी वाद घालायचा नसतो. तशातल्या एका दुपारी गवत पेटलं. कुणी पेटवलं ते ठाऊक नाही; ज्याला विचारावं तो तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. दोन दिवस वणवा चालला. वणवा म्हणजे तुझ्या खात्यातली गोष्ट, डोंगरावरची. सहाव्या मजल्यावर वॉशिंग मशीनशेजारी उभी राहून तो बघेन असं वाटलं नव्हतं. धूर घरात आला तेव्हा अनिकेतने खिडक्या लावल्या आणि मीटिंग चालू ठेवली.

माणूस कुणी गेलं नाही. अंबुजाची झोपडी गेली. अंबुजा म्हणजे भिंतीच्या फटीतून आम्हाला ताडगोळे विकणारी. तिच्या सासऱ्यापासून ती माणसं या बनावर आहेत. झाडं सरकारची, चढणं यांचं. उन्हाळ्यात ताडगोळे, एरवी पानांच्या टोपल्या. आता तिच्या अंगणात एकशेवीस काळे खांब आहेत आणि घराच्या जागी निळं प्लॅस्टिक.

पालिकेच्या ऑफिसाने असं ठरवलंय: डिसेंबरात पाहणी होणार. निम्म्याहून अधिक ताड जिवंत निघाले तर बन राहील. नाही निघाले तर सगळं साफ, आणि तिथे फिरायचा रस्ता, दिवे, बाकं. अंबुजाला घर देणार म्हणतात. कुठे विचारलं तर 'लांब' म्हणतात. लांब ताड आहेत का हे कुणी सांगत नाही.

आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये रम्या म्हणून मुलगी आहे. आठवडाभर कॉम्प्युटरचं काम, रविवारी झाडांचं. तिने बारा जण जमवले आणि प्रत्येकाला दहा ताड वाटून दिले. दर रविवारी जायचं, नवं पान फुटलं का बघायचं, फोनवर नोंद करायची. शास्त्रज्ञ नसलेल्यांनी करायचं शास्त्र आहे हे. मी विचारलं, चौथी झालेलीला चालेल का? ती म्हणाली, "पाट्टी, झाड कुठे सर्टिफिकेट बघतंय?" पाट्टी म्हणजे आजी.

पण तीन रविवार माझ्या फोनवरून माझ्याच अंगठ्याचे फोटो गेले. रम्याने ते बघितले, जरा विचार केला आणि म्हणाली, तुम्ही चित्रं काढा. कोळसा तिथे भरपूर आहे.

तर तुझी बहीण बहात्तराव्या वर्षी चित्रकार झाली आहे.

तुझी
हेमा


पाटण
६ जुलै

चि. हेमा,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पोस्टमन चढावर येत नाही, खाली किराणा दुकानात ठेवतो. तिथे ते चार दिवस साखरेच्या पोत्यावर होतं. मुंग्या झटकून वाचलं.

एकतीस वर्षं वनरक्षक होतो, म्हणून सांगतो. झाड काळं झालं म्हणजे मेलं असं नव्हे. एक पावसाळा गेल्याशिवाय जळक्या झाडाबद्दल मत देऊ नये. माणसाबद्दलही देऊ नये, पण ते कुणी पाळत नाही.

ताडाचा जीव शेंड्यात. खोड कितीही जळो, शेंडा शाबूत तर ताड शाबूत. शेंडा गेला की संपलं. खालून चटकन कळत नाही.

चित्रं पाठव. दिसेल तेवढंच काढ.

काशीदादा


शोळिंगनल्लूर
१७ ऑगस्ट

ती. काशीदादा,

नमस्कार. सोबत दहा चित्रं आहेत. मूळ चित्रं रम्याकडे; ही मी तुझ्यासाठी पुन्हा काढली. कागद अनिकेतच्या ऑफिसचा आहे, मागे काहीतरी छापलेलं आहे, ते वाचू नकोस.

माझी पद्धत सांगते. रंगाची रिकामी बादली पालथी घालून बसते. सकाळी सातला ऊन अजून माणसात असतं. हात रांगोळीचा आहे, त्यामुळे रेघ बरी येते, फक्त ताड उंच आणि कागद बुटका. हिरवा रंग विकत आणलेला नाही. शेवग्याचा पाला चोळते, की झालं हिरवं. आठवड्याने ते तपकिरी होतं, मग पुन्हा चोळायचं.

अंबुजा पाणी आणून देते आणि मागे उभी राहून बघते. बोलत काही नाही. एकदा मी विचारलं, "कसं आलंय?" तर म्हणाली, "अम्मा, बादली सरकवा, खाली मुंग्या आहेत."

पंधरा ऑगस्टला रम्याने सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांची चित्रं आणि फोटो दोरीवर चिमट्यांनी लावले. आधी कपडे वाळत घातल्यासारखं वाटलं, मग डोळा सरावला. बनाकडची माणसं बघायला आली. वीस वर्षं भिंतीच्या फटीतून ताडगोळे देणारी अंबुजा पहिल्यांदा गेटमधून आत आली. वॉचमनने विचारलं, कोणता फ्लॅट? ती म्हणाली, फ्लॅट नाही, झाडं. त्याने वहीत तसंच लिहून घेतलं. हॉलमध्ये ती आपली झाडं नंबराशिवाय ओळखत होती. हे सासऱ्याने लावलेलं, यावरून दीर पडला होता, हे फार गोड. आमच्या इथल्या बायका तिच्यामागून फिरत होत्या. वणवा बघायला सगळे गॅलरीत होते, पण काय जळलं ते त्या दिवशी कळलं.

कृष्णस्वामीही आले. ते आमचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि डॉक्टरने रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. रस्त्यावर चाललं तर कुत्री मागे लागतात. म्हणून फिरायचा रस्ता व्हावा असं त्यांना मनापासून वाटतं, आणि माणूस वाईट नाही. माझ्या चित्रांपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मामी, दहाच्या दहांना पान?"

मी म्हटलं, "काढलंय खरं."

त्यांनी उसासा टाकला आणि सरबत न घेता गेले.

कसं काय वाटतं ते कळव. कौतुक केलंस तर मी मनावर घेणार नाही.

तुझी
हेमा


पाटण
३१ ऑगस्ट

चि. हेमा,

आशीर्वाद. चित्रं मिळाली. खोडं उत्तम. जळक्या सालीवरचे कंगोरे असे काढायला नजर लागते, ती तुला आहे.

आता पानांबद्दल. दहाही झाडांना पान आहे. दहाही पानं उजव्या बाजूला आहेत. दहाही एका मापाची, पंख्यासारखी पूर्ण उघडलेली. शाळेतली पोरंसुद्धा इतकी सारखी कॉपी करत नाहीत, एखादं उत्तर मुद्दाम चुकवतात.

ताडाचं नवं पान आधी मिटलेलं येतं, भाल्यासारखं सरळ. मग सवडीने उघडतं. दहा झाडं एका रविवारी शिट्टीवर पानं उघडत नाहीत. ती कवायत नव्हे.

काय काढलंस ते मी बघितलं. काय बघितलंस ते लिही.

काशीदादा


शोळिंगनल्लूर
१४ सप्टेंबर

ती. काशीदादा,

तुझं पत्र आलं तेव्हा वरणाला फोडणी देत होते. फोडणी जळली. रुचिरा कधी सासूच्या स्वयंपाकाला बोलत नाही, त्या दिवशी तिने खिडकी उघडली.

विचारलंस म्हणून सांगते. शेजारणीची वाटी आपल्याकडे कधी रिकामी परत गेली का? तुझ्या आईनेच मला शिकवलं. काकू म्हणायची, घरात काही नसेल तर चार दाणे साखर घाल, पण रिकामी वाटी दुसऱ्याच्या हातात ठेवू नये. मी लग्न होऊन आवडीला आले तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता, पण वाटीत साखर घालून परत केली की शेजारीण दुसऱ्या दिवशी सांबार घेऊन यायची. माझी सगळी तमिळ त्या वाटीतून आली आहे.

तर ज्या झाडासमोर मी सकाळभर बसले, ज्याच्या सावलीत, म्हणजे असती तर, पाणी प्यायले, त्याला कागदावर बोडकं ठेवून उठून यायचं? हात होईना. एकेक पान दिलं. चार दाणे साखर.

खरं पान तिघांना आहे. एक, सहा आणि दहा नंबर. उरलेल्या सातांना मी दिलं.

आणि दादा, मला वाटलं चित्रं भिंतीवर लावायची असतात. रम्या त्यांतूनच मोजते हे मला मागच्या रविवारी कळलं. गेटपाशी फळा लावलाय: '१२० पैकी ६३ जिवंत'. त्या त्रेसष्टांत माझे दहा आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रम्याच्या आईने पायसम वाटलं, मीही खाल्लं. निम्म्याहून अधिक म्हणजे एकसष्ट. माझे सात वजा केले तर छप्पन्न. पाच कमी. मी पुन्हा पुन्हा वजा केले, चौथीपर्यंत वजाबाकी चांगली शिकवतात.

अंबुजाला फळा वाचून दाखवला. तिने विचारलं, "अम्माची दहाच्या दहा?" मी 'हो' म्हणून मान हलवली. ती गेली आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्या आवळायला लागली. पाऊस जवळ आलाय.

आता काय करू ते सांग. पण जपून सांग.

तुझी
हेमा


पाटण
२६ सप्टेंबर

चि. हेमा,

आशीर्वाद. रम्याला सांग.

काशीदादा

ता. क. फोडणी मंद आचेवर करावी.


शोळिंगनल्लूर
१२ ऑक्टोबर

ती. काशीदादा,

पंधरा दिवस वाट बघून दोन शब्द आले. पूर्वी तारसुद्धा यापेक्षा लांब यायची.

रम्याला सांगितलेलं नाही. कारण ऐक. मी सांगितलं की पाच कमी पडतात. पाच कमी पडले की बन जातं. बन गेलं की अंबुजा 'लांब' जाते. माझी जीभ खरी ठेवण्यासाठी तिने घरदार सोडायचं? मी फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून खरं बोलणार आणि भिजणार ती. तू डोंगरावर बसून सांगणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दुसरी अडचण अशी की खोटं वाढतंय. ऑगस्टमध्ये दिलेलं पान ऑक्टोबरात परत कसं घेऊ? रम्या दर रविवारी चित्र मागते, आणि दोन महिन्यांत पान वाढायला तर हवं. म्हणून वाढवावं लागतं. चार नंबरला माझ्या हातून आता तीन पानं झाली आहेत. खऱ्याखुऱ्या सहा नंबरला दोनच आहेत. मेलेलं झाड जिवंतापेक्षा जोमात आहे. रम्या म्हणते, पाट्टी, चार नंबरचा अभ्यास करायला हवा. तिने कुठल्या तरी सरांना कळवलंय.

आणि काल अंबुजाने मला ताडाच्या पानाचा विंझणा करून दिला. तिच्याकडे विणायला धड पानं नाहीत, त्यात हा. मी घेतला. तिच्या तोंडाकडे बघवेना.

तुझ्या नोंदवहीत जन्मात कधी खाडाखोड झाली नाही. तुला काय कळणार.

हेमा


पाटण
२७ ऑक्टोबर

चि. हेमा,

आशीर्वाद. नोंदवहीचा विषय काढलास म्हणून लिहितो. हे तुझ्या वहिनीला ठाऊक होतं, आणखी कुणाला नाही.

शहाऐंशी साली माझ्या बीटात, म्हणजे मला राखायला दिलेल्या रानात, वणवा लागला. पाच दिवस होता. विझल्यावर रेंजरसाहेबांनी कागद पाठवला: किती झाडं गेली, आकडा कळवा. मी रोज जायचो. झाडं ओळखीची होती. एका जांभळीखाली मी नऊ वर्षं भाकरी खाल्ली होती. संध्याकाळी लिहायला बसलो की आकडा हातातून उतरेना. मी लिहिलं, 'मोजणी चालू आहे.' महिन्याने पुन्हा कागद आला. पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या वर्षी कागद यायचा थांबला.

ज्या बीटांनी आकडे दिले त्यांना रोपवाटिकेतून रोपं आली, पाणी घालायला माणसं आली. माझ्या बीटाचा आकडा नव्हता, म्हणजे दप्तरात वणवाच नव्हता. ती टेकडी अजून बोडकी आहे. मागच्या दारातून दिसते. मी त्या दाराला पडदा लावलाय.

मोजणी अजून चालू आहे. खाडाखोड मात्र नाही, ते तुझं बरोबर.

तू म्हणतेस, सांगितलं तर बन जाईल. जाईलही. मी खात्री देत नाही. पण चार नंबरला दर रविवारी पान काढायचं तर तुला बरंच जगावं लागेल, आणि त्या सरांना तू काय दाखवणार आहेस?

काशीदादा


शोळिंगनल्लूर
२१ डिसेंबर

ती. काशीदादा,

नमस्कार. दोन महिने पत्र नाही म्हणून तू किराणावाल्याला हैराण केलं असशील. सगळं क्रमाने सांगते, मध्ये 'मग पुढे' करू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. आधी तुझी टेकडी. अनिकेतला विचारलं, तो म्हणतो रोपवाटिकेला आजही अर्ज करता येतो. अर्जात झाडं कधी गेली ते लिहावं लागतं. ते तुझं तू बघ, मी आता कुणाच्या झाडाला हात लावत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी रम्याकडे गेले. सोबत लाडू नेले नाहीत, नेले असते तर सांगायचं राहिलं असतं. सगळं सांगितलं, वाटीसकट. ती ओरडली नाही. मी तयारी ओरडण्याची करून गेले होते, त्यामुळे पंचाईत झाली. तिने लॅपटॉप उघडला आणि माझ्या दहा ओळी पुसल्या.

मी म्हटलं, "तीन तरी ठेव. ती खरी आहेत."

ती म्हणाली, "पाट्टी, कोणती तीन, हे आता मला कसं कळणार?"

दादा, आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली. सासूची खाल्ली, रेशनवाल्याची खाल्ली. एवढं लागलं नव्हतं. ती हे चिडून बोलली नाही, तिला खरंच प्रश्न पडला होता.

फळा बदलला. '११० पैकी ५३'. निम्म्याहून कमी. त्या सरांना चार नंबरबद्दल काय कळवलं ते मी विचारलं नाही.

अंबुजाला मीच सांगायचं असं ठरवलं. पावसातून गेले. प्लॅस्टिक मधोमध गळत होतं, खाली पातेलं लावलेलं. मी पाटावर बसून सांगितलं, माझी सात मेलेली आहेत, मी उगाच पानं काढली, आता आकडा कमी पडतोय. वाटलं, ही रडेल किंवा हाकलेल.

तिने विचारलं, "सातात चार नंबर आहे ना?"

"आहे."

"आहेच. त्याचा शेंडा जूनमध्येच गळून पडला. मीच उचलून टाकला."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"अम्मा, तुम्ही इतक्या मायेने पान काढत होतात. पुसा कसं म्हणू?"

मग तिने समजावलं. जुन्या ताडाचं खोड उभं वाळलं की लोखंड होतं. ते चिरून छपराचे वासे करतात, तिच्या जळलेल्या घराचेही तसलेच होते. चार नंबर तिच्या सासऱ्याने लावलेला, वाशाला त्याच्यासारखं झाड बनात नाही. पण जिवंत ताडाला इथे हात लावता येत नाही, वरून परवानगी लागते. आणि रम्याच्या नोंदीत तो जिवंत. तोही सर्वांत तेजीत. म्हणून ती जूनपासून प्लॅस्टिकखाली बसून होती. मी तिचं बन राखायला खोटं बोलत होते आणि ती माझं मन राखायला गप्प होती. आम्ही दोघी चार महिने एकमेकींवर उपकार करत होतो आणि मधून पाऊस गळत होता.

तिला कुणी विचारलंच नव्हतं. रम्याने बारा माणसं गोळा केली, त्यांत बनात राहणारं एकही नव्हतं. हे मी रम्याला सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "पाट्टी, ही चूक तुमच्यापेक्षा मोठी आहे." मी नाही म्हटलं नाही.

अंबुजा म्हणाली, वासे हवेत, पण बनही हवं. बन गेलं तर छप्पर कशावर घालू? आणि खालून बघून ताडाचं कुणाला कळलंय? फोनवाली मुलंसुद्धा मान दुखेपर्यंतच बघतात. जळक्या झावळ्यांच्या आत कोंब दडलेला असला तर तो वर चढल्याशिवाय दिसत नाही. तू जुलैमध्ये हेच लिहिलं होतंस. मी वाचून घडी घातली होती.

मग तिचा दीर आणि आणखी तिघे चढणारे तयार झाले. वही कुणी धरायची यावर चर्चा झाली. आमच्यापैकी कुणी धरली तर ऑफिस विश्वास ठेवणार नाही. रम्याने कृष्णस्वामींना गळ घातली. त्यांना रस्ता हवाय हे सगळ्या शोळिंगनल्लूरला माहीत आहे, त्यामुळे त्यांच्या हातचा आकडा कुणी नाकारणार नाही. ते म्हणाले, "मी प्रामाणिकपणे लिहीन." रम्या म्हणाली, "अंकल, म्हणूनच."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोरडे दिवस मिळाले, त्यात दोन दिवस मोजणी चालली. वरून ओरडायचे "उयिर", म्हणजे जीव आहे, किंवा काहीच ओरडायचे नाहीत. काहीच ओरडले नाहीत की कृष्णस्वामी थोडं थांबायचे, पुन्हा वर बघायचे, "नीट बघ रे" म्हणायचे, आणि मग लिहायचे. मी त्यांच्या मागे बादली घेऊन फिरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बेरीज केली, चष्मा पुसला, परत केली आणि अगदी पडक्या आवाजात म्हणाले, "सहासष्ट."

एकशेवीस पैकी सहासष्ट. बन राहिलं. कृष्णस्वामींची साखर त्या दोन दिवसांत उतरली. डॉक्टरने विचारलं, चालायला कुठे जाता? ते म्हणाले, मोजायला जातो. आता ते दर रविवारी येतात.

माझ्या दहांत चार जिवंत निघाले. तीन मला ठाऊक होते. चौथा नऊ नंबर. मी त्यालाही मेलेलाच समजत होते, उगाच एक पान देऊन ठेवलं होतं. ते खरं निघालं म्हणून मी बढाई मारणार नाही.

सतरा तारखेला ऑफिसच्या मॅडम आल्या. छत्री, फाइल, बरोबर शिक्का. त्यांनी वही बघितली, दोन झाडांवर माणूस चढवून खात्री केली. मग अंबुजाने वाशांचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, मेलेली झाडं देण्याबद्दल वर लिहिता येईल, पण प्रत्येक मेलेल्या झाडासाठी त्याच्या निरीक्षकाने वेगळ्या फॉर्मवर झाडाची स्थिती स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. निरीक्षक म्हणजे मी. माझी सहा झाडं, सहा फॉर्म.

मला तमिळ बोलता येतं, लिहिता येत नाही. मॅडम म्हणाल्या, कोणत्याही भाषेत लिहा. मी बादलीवर बसले, मांडीवर फाइल घेतली. दादा, अनिकेतचे बाबा गेले तेव्हाही फॉर्मवर तो शब्द अनिकेतने लिहिला होता. मी कधी लिहिलेला नाही. घरात तांदूळ संपले तरी मी संपले म्हणत नाही. पहिल्या फॉर्मवर 'मृत' लिहिताना पेन दोनदा थांबलं. दुसऱ्यावर एकदा. चौथ्या फॉर्मपर्यंत अक्षर चांगलं यायला लागलं. चार नंबरचा फॉर्म मुद्दाम शेवटी ठेवला होता. तोही लिहिला.

मॅडमनी सहाही फॉर्म हातात घेऊन बघितले. म्हणाल्या, "ही कोणती लिपी? काय लिहिलंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या शब्दाला तमिळमध्ये काय म्हणतात तेच आठवेना. चाळीस वर्षांची तमिळ, नेमकी तिथे रिकामी.

माझ्या मागून अंबुजा म्हणाली, "छप्पर लिहिलंय, मॅडम."

मॅडमनी एकदा अंबुजाकडे बघितलं, एकदा निळ्या प्लॅस्टिककडे बघितलं, आणि सहाही फॉर्मांवर शिक्का मारला.

तुझी
हेमा